तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनेज, हँडल की कंट्रोल?

शहाद्यात इंग्रजीचे क्लास घेतो, त्यामुळे बायोडाटा तपासून घ्यायला पोरं येतात. प्रश्न ठरलेला: "सर, मॅनेज, हँडल, कंट्रोल, तिन्ही एकच शेतस ना?" पुढचं न विचारताच कळतं, की जो भारी वाटेल तो टाकायचा आहे. भारी म्हणजे अर्थात कंट्रोल. पपईच्या व्यापाऱ्याकडे हंगामभर राबलेला पोरगा बिनधास्त लिहून आणतो, 'आय कंट्रोल्ड ट्वेंटी लेबर'. ('लेबर' मोजता येत नाही, 'वर्कर्स' लिहा, हे जाता जाता.)

एकच नाहीत. फरक बघायला त्याच्याच व्यापाऱ्याचा पपईचा तोडा पुरेसा आहे.

सालीवर पिवळी रेघ दिसली की फळ तोडायचं, देठातून गळणारा चीक दुसऱ्या फळावर पडू द्यायचा नाही, एकेक पपई रद्दीच्या कागदात गुंडाळायची आणि ट्रकमध्ये अलगद लावायची. इथे नख लागलं की उत्तरेतल्या मंडीत ट्रक उतरेपर्यंत तिथे डाग पडलेला असतो. हे हँडल करणं. समोर आलेली वस्तू, समोर आलेलं काम, तेवढ्यापुरतं नीट हाताळायचं. चिडलेलं गिऱ्हाईकसुद्धा हँडलच करतात, कारण ते तासाभरात निघून जाणार असतं.

कंट्रोलचं मूळ मात्र काटापावतीत, म्हणजे मालाच्या वजनाच्या पावतीत आहे. एक प्रत व्यापाऱ्याकडे, एक शेतकऱ्याकडे, वाद झाला की दोन्ही ताडून बघायच्या. मध्ययुगीन लॅटिनमधला 'काँत्रारोतुलुस' म्हणजे नेमकं हेच: मूळ हिशेबाच्या गुंडाळीशी पडताळायला ठेवलेली दुसरी गुंडाळी. सरकारी हिशेब तपासणाऱ्या 'कॉम्प्ट्रोलर अँड ऑडिटर जनरल'च्या नावात तो अर्थ अजून शाबूत आहे. त्यातला 'म्प' फ्रेंचमधल्या हिशेबवाचक शब्दाशी झालेल्या गोंधळातून घुसला, उच्चार पूर्वापार 'कंट्रोलर'च. आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात, कंट्रोलचे गहू, कंट्रोलचं रॉकेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्य-कापडावर निर्बंध आले, तेव्हापासूनचा हा शब्द. कार्ड, रजिस्टर, ठरलेलं माप. माझ्या मते त्या म्हाताऱ्यांना कंट्रोलचा अर्थ क्लासच्या पोरांपेक्षा जास्त कळलाय. साठा, खर्च, दर्जा, तापीवरच्या प्रकाशा बॅरेजचं पाणी, जिथे मर्यादा आणि मोजमाप आहे तिथे कंट्रोल. माणसांना कंट्रोल करतो असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला तुम्ही हातात छडी घेतलेले दिसता.

मॅनेजसाठी सारंगखेड्याला जायला हवं. तापीकाठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार कुणाला नवा नाही. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग म्हणतं, चाल दाखवा. नवखा स्वार चढला की लगाम खेचतो. घोडा मान वर टाकून मागे सरकायला लागतो, गर्दी हसते. मग मालक एखाद्या मुरलेल्याला बसवतो. तो लगाम सैल सोडतो, टाच जेमतेम टेकवतो, जिभेने टकटक करतो आणि तेच जनावर रुबाबात चालू लागतं. सोळाव्या शतकात इंग्रजीत आलेला 'मॅनेज' इटालियन 'मानेज्जारे'वरून आला. अर्थ, घोडा हाताळून शिकवणं. मुळाशी लॅटिन 'मानुस', म्हणजे हात. मराठीत हे काम करणारा चाबुकस्वार.

ज्याला स्वतःची मर्जी आहे त्याच्याकडून काम करवून घेणं, ते मॅनेज. ट्रक भरणाऱ्या टोळीतल्या एकाने उचल घेतलेली असते, दुसऱ्याला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जायचं असतं, तिसऱ्याचं मुकादमाशी बिनसलेलं असतं, आणि ट्रक तर आजच सुटला पाहिजे. म्हणूनच या शब्दात थोडी ओढाताण कायम असते. 'आय मॅनेज्ड टू रीच' म्हणजे कसाबसा पोहोचलो. 'कॅन यू मॅनेज?' म्हणजे झेपेल ना?

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. निवडणुकीत 'तो मॅनेज झाला' म्हटलं की पाकीट पोहोचलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याच सवयीने मुलाखतीत 'आय विल मॅनेज द ऑफिसर' म्हणू नका. समोरचाही आपल्याच भागातला असला तर पंचाईत.

कुणी या तिघांऐवजी सुपरवाइजही टाकतं, त्याचं फार काही नाही. नुसतं वर उभं राहून बघत असाल तर तो शब्द घ्या.

त्या पोराच्या कागदावर शेवटी फळांसाठी हँडल्ड आणि टोळीसाठी मॅनेज्ड आलं. तो जरा हिरमुसला. "सर, कंट्रोल कुठेच नाही?" काटापावत्या कोण जुळवायचं, म्हटलं. "मीच." मग तिथे लिहिलं 'स्टॉक कंट्रोल', आणि फीचं विचारलं तर म्हणाला, पुढच्या महिन्यात मॅनेज करतो.