तुम्ही विचारलंत म्हणून : बापाचंच गाते, तर मग तिचं काय?

आमच्या लहानशा स्टुडिओत कोणी पहिल्यांदा गायला आलं की मी लगेच टेक घेत नाही. आधी हेडफोन देते आणि एक गाणं लावते. पोर्तुगीज गाणं असतं, शब्द कुणालाच कळत नाहीत. तरी तीन-चार मिनिटांनी माणूस हेडफोन काढतो तेव्हा त्याचा खांदा खाली आलेला असतो, श्वास बसलेला असतो. मग प्रश्न येतो, "कोण ही?" मी सांगते, बेबेल जिल्बेर्तो. ब्राझीलची. बोसा नोव्हाला, म्हणजे साम्बा या तिथल्या नाचऱ्या तालातून निघालेल्या हळुवार गायकीला, आवाज देणाऱ्या जोआओ जिल्बेर्तोंची मुलगी. पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे बापाचंच गाते. मग तिचं स्वतःचं असं काय?"

इतकी वर्षं मी याला एका वाक्यात उत्तर देत आले. मध्यंतरी एक मुलगी आली होती, आई नावाजलेली गायिका. तिनेही हेच विचारलं, पण ते बेबेलबद्दल नव्हतं हे तिच्या आवाजावरून कळत होतं. तिला मी एका वाक्यात उत्तर देऊ शकले नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी घर समजून घ्या. वडील जोआओ (गोव्यात याच नावाचं जुवांव झालं) बाहिया प्रांतातल्या जुआझेइरूचे, जन्म 1931चा. आई मिउशा स्वतः गायिका. मामा शिकू बुआर्के, ब्राझीलमधल्या सर्वांत मोठ्या गीतकारांपैकी एक. आजोबा सेर्जियो बुआर्के दे ओलांदा इतिहासकार, ब्राझीलच्या जडणघडणीवरचं त्यांचं 1936चं पुस्तक आजही तिथे वाचलं जातं. बेबेलचा जन्म 12 मे 1966चा, न्यूयॉर्कमधला, कारण वडील तेव्हा अमेरिकेत होते. पुढे काही काळ मेक्सिको, मग आई-वडील वेगळे झाले आणि मुलगी आईबरोबर रिओत वाढली. मामानं मुलांसाठी उभं केलेल्या संगीतनाटकात ती लहानपणीच गायली. नऊ वर्षांची असताना आईबरोबर, सॅक्सोफोनवाले स्टॅन गेट्झ सोबतीला, कार्नेगी हॉलमध्ये उभी राहिली. अशा घरात जन्मलेल्या पोरीला गाणं मिळालं यात नवल काहीच नाही. नवल असेल तर पुढच्या दिरंगाईत आहे, तिच्याकडे येतेच.

पण त्याआधी वडिलांनी नेमकं काय केलं ते सांगायला हवं, कारण 'बापाचंच गाते' यातलं 'बापाचं' म्हणजे काय हे ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

1958मध्ये जोआओंची पहिली गाजलेली तबकडी आली. तोवर ब्राझीलमधला गायक म्हणजे बहुधा भरदार, फेकीचा आवाज, शेवटच्या सुरावर कंप. जोआओंनी ते सगळं खाली ठेवलं. बोलतो तितक्याच आवाजात गायले. कंप नाही, लांबवणं नाही. गिटारवर अंगठा साम्बाचा संथ ठोका धरून बसलेला आणि उरलेली बोटं लहान चर्मवाद्याची खोडकर लय वाजवणारी, म्हणजे अख्खं साम्बा पथक एका तारवाद्यात. वर आवाज कधी ठोक्याच्या जरा पुढे, कधी मागे, आणि तरी समेला चूक नाही. मी ध्वनिमुद्रण करते म्हणून मला यातली एक गोष्ट सर्वांत मोठी वाटते : हे गाणं माइकशिवाय अशक्य होतं. जोआओंच्या आधीचे बहुतेक गायक माइक असूनही सभागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी गात होते. जोआओ माइकसाठी गायले. ओठांपासून चार बोटांवर यंत्र आहे, ते माझा श्वाससुद्धा पोचवेल, मग मी ओरडू कशाला? यंत्रावर इतका भरवसा टाकणारा गवई तेव्हा तिथे विरळाच.

आणि दुसरी गोष्ट, जी आमच्याकडे कुणालाच माहीत नसते : जोआओंनी स्वतः गाणी फार थोडी रचली. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. जोबीम आणि दोरिव्हाल कायिमी या संगीतकारांची, जुन्या साम्बावाल्यांची गाणी ते घेत आणि पन्नास-पन्नास वर्षं तीच घासत. त्यांची थोरवी त्या घासण्यात आहे.

बेबेल मात्र रचते. विशीतच तिची पहिली लहान तबकडी आली, 1986मध्ये. तीत काझुझा आणि दे पाल्मेइरा यांच्याबरोबर बांधलेलं एक प्रेमगीत होतं. हे दोघं रॉक बँडमधले, बोसा नोव्हावाले नव्हेत. बापाच्या बैठकीतून उठून ती आपल्या वयाच्या पोरांत जाऊन बसली होती. पुढच्याच वर्षी ते गाणं मरीना लिमानं गायलं आणि ब्राझीलभर पोचलं. लोक गुणगुणत होते, पण बेबेलचा आवाज म्हणून नव्हे. काझुझा 1990मध्ये एड्सनं गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. या त्रयीनंच बांधलेलं आणखी एक गाणं तिनं जपून ठेवलं आणि दहा वर्षांनी आपल्या पहिल्या पूर्ण अल्बममध्ये घेतलं. गेलेल्या मित्राचं गाणं इतकी वर्षं सांभाळायचं आणि मग ते हसऱ्या चालीवरच गायचं, याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण ते गाणं लागलं की मी हातातलं काम थांबवते.

आता ती दिरंगाई. 1991मध्ये ती न्यूयॉर्कला गेली. जन्माचं गाव, पण वडिलांच्या नावानं दार उघडेल असं नव्हे. तिथे ती दुसऱ्यांच्या तबकड्यांवर गात राहिली. जपानी डीजे तोवा तेई, रॉकवाला डेव्हिड बर्न, वॉशिंग्टनची थीव्हरी कॉर्पोरेशन नावाची जोडी. यातली बरीचशी संगणकावर आणि लूपवर, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवलेल्या ध्वनीच्या तुकड्यांवर, काम करणारी मंडळी. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, वाया चालली. मला ती तालीमच वाटते. आपल्याकडे शागीर्द गुरूच्या मागे तानपुरा धरून बसतो, तशी ती अनोळखी यंत्रांपुढे बसली होती.

2000मध्ये 'तान्तो तेम्पो' आला तेव्हा ती चौतिशीला टेकली होती. नावाचा अर्थच 'केवढा काळ'. तो निघाला बेल्जियमच्या एका कंपनीकडून. निर्माता होता सुबा, मूळचा युगोस्लाव्हियातल्या नोव्ही सादचा, ब्राझीलच्या तालांच्या ओढीनं साओ पावलूत येऊन राहिलेला. अल्बम पुरा होत आला असताना, 2 नोव्हेंबर 1999ला, साओ पावलूतल्या त्याच्या राहत्या जागी, जिथे स्टुडिओही होता, आग लागली आणि त्यात तो गेला. आपण केलेलं काम लोक ऐकतायत हे त्याला बघायला मिळालं नाही. माझ्याच धंद्यातला माणूस, म्हणून असेल, पण तो अल्बम ऐकताना मी आधी त्यालाच ऐकते. ढोल कुठे बसवलाय, गिटारच्या मागे तो बारीक विजेचा खरखराट कसा ठेवलाय, आणि आवाजाभोवती जागा किती मोकळी सोडलीय.

त्या मोकळ्या जागेत बेबेल गाते. आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे. वरवर बघाल तर हे वडिलांच्या अगदी उलट. ते एक खुर्ची, एक गिटार, सभागृहातला पंखा वाजला तरी अस्वस्थ होणारे. ही सिंथेसायझर, लूप, क्लबमध्ये वाजणारे रीमिक्स. पण कान देऊन ऐका. तिचाही आवाज बोलण्याइतकाच, कंप नाही, फेक नाही. वडिलांनी आपल्या काळच्या यंत्रावर भरवसा टाकला, तो माइक होता. मुलीनं आपल्या काळच्या यंत्रावर टाकला, तो सॅम्पलर होता, ध्वनीचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारं यंत्र. दोघांचीही अट एकच : यंत्रानं आवाज मोठा करायचा नाही, जवळ आणायचा. घराण्याकडून तिला चाली मिळाल्या नाहीत, गिटारचा ठोकाही मिळाला नाही. मिळाला तो हळू बोलण्याचा धीर. तो लूप आणि सिंथेसायझरच्या गर्दीतही टिकतो हे तिनं दाखवलं आणि हे जोआओंनी कधी करून पाहिलं नव्हतं.

मोगूबाई कुर्डीकरांच्या घरी किशोरीताई वाढल्या, त्यांच्याबद्दलही लोक असंच विचारत आले. गळा कुणाचा आणि विचार कुणाचा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आपण ते एकत्र करतो.

पुढचे अल्बम मी भरभर सांगते. 2004चा तिच्याच नावाचा, जास्त वाद्यवृंदाचा, मऊ. 2007चा 'मोमेंतू', 2009चा, 2014चा. चांगले आहेत, पण खरं सांगायचं तर 'तान्तो तेम्पो'ची निकड मला त्यांत सापडली नाही. 2009च्या अल्बममध्ये मात्र वडिलांनी रचलेल्या त्या मोजक्या गाण्यांपैकी एक आहे, 'बिम बोम'. तिनं दार किलकिलं करून आत डोकावल्यासारखं.

मग वाईट वर्षं आली. वडील म्हातारपणी रिओत घराबाहेर पडेनासे झाले. 2017मध्ये कोर्टानं त्यांची कायदेशीर देखभाल बेबेलकडे सोपवली. डिसेंबर 2018मध्ये आई गेली, जुलै 2019मध्ये वडील. या सगळ्यातून 2020चा 'आगोरा' बाहेर आला. म्हणजे 'आत्ता'. त्यात वडिलांना उद्देशून एक गाणं आहे, त्याच्या नावाचा अर्थ 'जे बोलायचं राहिलं'. आणि त्याच अल्बममध्ये एका गाण्याला तिच्या जोडीला मार्तनालिया आहे, साम्बाचे दिग्गज मार्तिन्यू दा व्हिला यांची मुलगी. थोर बापांच्या दोन लेकी, पन्नाशी ओलांडलेल्या, आणि गाणं मात्र मस्तीतलं, नाचरं. ते मी त्या गायिकेच्या मुलीला मुद्दाम ऐकवलं. ती काही बोलली नाही, पुन्हा लावा म्हणाली.

2023मध्ये बेबेलनं शेवटी तो अल्बम केला ज्याची लोक तिच्याकडे सुरुवातीपासून वाट बघत असणार : फक्त वडिलांच्या भांडारातली गाणी, नाव 'जोआओ'. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. विसाव्या वर्षी हे करणं सोपं होतं, विकलंही गेलं असतं. तिनं आधी स्वतःची गाणी बांधली, मित्र गमावले, स्वतःचा आवाज जगाला ओळखीचा केला, आणि मगच वडिलांच्या गाण्यांना हात लावला. तेही त्यांच्या गिटारची नक्कल न करता.

त्यात एक वॉल्ट्झ आहे, म्हणजे तीन मात्रांच्या झुलत्या लयीतली चाल. जोआओंनी 1973च्या अल्बमसाठी तो रचला, तेव्हा बेबेल सहा-सात वर्षांची होती आणि त्याच्या नावात तिचं नाव आहे. त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ 'योगी किती सुंदर आहेत'. आपल्याकडचा शब्द तिथवर जाऊन एका अंगाईत बसलाय याचं मला फार अप्रूप आहे. त्या वॉल्ट्झला शब्दच नाहीत. बाप नुसता गुणगुणतो, मुलीला झोपवताना गुणगुणावं तसा. पन्नास वर्षांनी ती तेच सूर घेते. तेही शब्दांवाचून, तितक्याच हळू, आणि आता ऐकणारा तो नाही.

पुढच्या वेळी स्टुडिओत आलात की हे दोन्ही एकामागोमाग लावून देईन. आधी त्यांचं, मग तिचं. हेडफोन जरा घट्ट बसवा, आवाज वाढवू नका.