प्रो कन्सोल काढून कंपनीला नक्की काय मिळतं?

पीएस फोर प्रोचा, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन फोर या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनच्या (कन्सोलच्या) जास्त ताकदवान आवृत्तीचा, विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, अरे पण विकला किती, पाचात एक. आकडा खराय, प्रो आल्यानंतर जेवढे पीएस फोर विकले गेले त्यात दर पाचामागे एक प्रो, हे सोनीनेच २०१७ मध्ये सांगितलेलं. पण त्यावरून प्रो फसला असं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

किंमती बघा ना. २०१३ ला साधा पीएस फोर आला ३९९ डॉलरला. तीन वर्षांत ज्यांना घ्यायचा होता त्यांनी घेतला, आता भाव उतरवल्याशिवाय नवीन गिऱ्हाईक येणार नव्हतं. तर सोनीने २०१६ मध्ये त्याचाच बारीक अवतार, स्लिम, आणला २९९ ला आणि दोनच महिन्यांत रिकाम्या झालेल्या त्याच ३९९ वर प्रो आणून बसवला, म्हणजे बजेटवाला पण आला आणि हौशी माणसाने पूर्ण पैसे पण मोजले. प्लेस्टेशनचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू हाऊस तर उघडच बोलले होते की कन्सोल अर्ध्या वयाचा झाला की ग्राफिक्सवेडे प्लेयर पीसीकडे सरकतात. आणि असा प्लेयर गेला की नुसतं मशीन नाही जात, त्याची पुढची सगळी गेम खरेदी जाते, कंपनीचं कमिशन तिथेच तर असतं!

पण हे सगळ्यांना जमत नाही. मायक्रोसॉफ्टने पण एक्सबॉक्स वन या कन्सोलचा असाच ताकदवान अवतार काढला, वन एक्स. तो ६ टेराफ्लॉप्सचा (ग्राफिक्सची ताकद मोजायचं माप), पीएस फोर प्रो ४.२ चा, मशीन म्हणून एक्सच भारी होता, तरी मायक्रोसॉफ्ट मागेच राहिली कारण मूळ एक्सबॉक्स वनच विक्रीत मागे पडलेला.

माझ्या मते सगळ्यात हुशारी निन्टेन्डोची. त्यांच्या स्विच कन्सोलच्या ओलेड आवृत्तीत चिप जुन्या स्विचचीच, स्क्रीन ६.२ वरून ७ इंच, स्टोरेज डबल आणि किंमत ५० डॉलर जास्त, गेम बनवणाऱ्या डेव्हलपरला वेगळं काही करायलाच नको.

पीएस फाईव्ह प्रोबद्दल मात्र मी साशंक आहे. २०२४ मध्ये आला तो ७०० डॉलरला, डिस्क ड्राईव्ह वेगळा घ्या, आणि खाली साधा पीएस फाईव्ह स्वस्त झालाच नाही, मग २०१६ वालं गणित जुळणार कसं? तेव्हा घरोघरी फोरके टीव्ही येत होते, फरक दाखवायला कारण होतं. आपल्याकडे तर पीएस फाईव्ह प्रो २०२४ मध्ये लाँचच झाला नाही, त्याचा वायफाय वापरतो तो ६ गीगाहर्ट्झचा बँड तेव्हा भारतात खुला नव्हता म्हणून. सोनीने आधी साध्या मॉडेलचा भाव खाली आणायला हवा होता, प्रो नंतर काढला असता तरी चाललं असतं.