आमची वाटचाल : सिंगापूरचं सरकारी अनुदान आणि आमचं गोडाऊन

आमचा धंदा शिप चँडलरिंगचा. म्हणजे सिंगापूरला जहाज आलं की त्याला लागेल ते सामान पोचवायचं, तांदूळ, कांदे-बटाट्यापासून ते दोरखंड, पेंट, हातमोजे, बल्ब, नट-बोल्टचे पाने, जे म्हणाल ते. मी मूळचा रत्नागिरीचा, इंजिन रूममधला माणूस, बरीच वर्षं जहाजावर काढली, मग मुलं मोठी व्हायला लागली तशी बोट सोडली आणि सिंगापूरलाच पाय रोवले. जहाजावर असताना इंडेंट पाठवायचो, आता इंडेंट घेतो, त्यामुळे समोरच्याला काय हवंय आणि किती घाईने हवंय हे नीट कळतं, सुरुवातीचं भांडवल म्हणाल तर एवढंच.

ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंडेंट म्हणजे जहाजाला हव्या असलेल्या सामानाची ईमेलने येणारी लांबलचक यादी, कधी एक्सेल, कधी पीडीएफ, कधी कुणीतरी हाताने लिहून फोटो काढलेला. काहीजण इम्पा कोड टाकतात, म्हणजे जहाजाच्या सामानातल्या प्रत्येक वस्तूचा ठरलेला नंबर, हा सहा आकडी असतो आणि पहिल्या दोन आकड्यांवरून खातं कळतं, २५ म्हणजे पेंट, ३३ म्हणजे सेफ्टीचं सामान, ६१ म्हणजे हातातली हत्यारं. पण बरेचजण कोड न टाकता नुसतं "ग्लोव्हज, बेस्ट क्वालिटी" असं लिहून मोकळे होतात. मग आमच्या ऑफिसात बायको एकेक ओळ घेऊन जुनी कोटेशन्स शोधणार, सप्लायरला फोन लावणार, भाव टाकणार, आणि तोवर दुसऱ्या चँडलरचं कोटेशन जाऊन ऑर्डर निघूनही गेलेली असायची. जहाज अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून, थांबतं किती, दिवस-दीड दिवस, बंकरिंग म्हणजे इंधन भरणं झालं की निघालं. जो आधी भाव देतो त्यालाच ऑर्डर मिळते, असा सगळा मामला.

लोक म्हणायचे, माणूस वाढवा की. पण इथे ते इतकं सोपं नाही. सर्व्हिस सेक्टरमधल्या कंपनीला वर्क परमिट (साध्या कामगारांचा परवाना) आणि एस पास (त्यावरच्या कुशल माणसांचा) मिळून एकूण ३५ टक्क्यांपर्यंतच परदेशी माणसं ठेवता येतात, त्यातही एस पास १० टक्के, वर दर महिन्याला माणसामागे सरकारला लेव्ही, म्हणजे कर, भरायची ती वेगळी. स्थानिक मुलं गोडाऊनच्या कामाला येत नाहीत. सरकारला हे माहीत आहे, किंबहुना त्यांचं धोरणच ते आहे, माणसं कमी देतो पण यंत्र आणि सॉफ्टवेअर घ्यायला पैसे देतो.

आधी पीआयसी (प्रॉडक्टिव्हिटी अँड इनोव्हेशन क्रेडिट) म्हणून स्कीम होती, ती २०१८ च्या असेसमेंट इयरनंतर बंद झाली. त्यात रोख पैसे मिळायचे आणि त्याचा काही लोकांनी गैरफायदा घेतला, खोटी बिलं लावली, केसेस झाल्या. त्याच वर्षी प्रॉडक्टिव्हिटी सोल्युशन्स ग्रँट, सगळे पीएसजीच म्हणतात, सुरू झालं आणि यात गोष्टी बऱ्याच घट्ट केल्यात. सरकारने आधीच तपासून मंजूर केलेल्या व्हेंडरचं ठरलेलं पॅकेजच घ्यायचं. सुरुवातीला खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत मिळायचे, कोविडमध्ये ८० केले, पुन्हा ७०, आणि एप्रिल २०२३ पासून ५० टक्क्यांपर्यंत. कोविडमध्ये आम्ही घेतलं नाही, तेव्हा जहाजावर माल चढवायचे नियम इतक्या वेळा बदलत होते की सॉफ्टवेअर शिकायला कुणाकडे डोकंच नव्हतं, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. आम्ही घेतलं ते ५० टक्क्यांच्या काळात, आणि इन्व्हेंटरी मॅनेजमेंटचं, म्हणजे गोडाऊनमधल्या मालाचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं.

पैशाचं गणित इथे नीट समजून घ्या कारण नवीन लोक इथेच गोंधळतात. समजा पॅकेज १२,००० सिंगापूर डॉलरचं आहे, त्यावर ९ टक्के जीएसटी १,०८०, तर तुम्हाला व्हेंडरला आधी पूर्ण १३,०८० द्यावे लागतात आणि काम पूर्ण झाल्यावर क्लेम केला की ६,००० परत येतात. जीएसटी अनुदानात धरत नाहीत, तो रजिस्टर्ड असाल तर तुमच्या रिटर्नमध्ये वळता होईल. म्हणजे हे पैसे आधी नाही, नंतर मिळतात, मधले काही महिने तुमचं खेळतं भांडवल अडकतं आणि आमच्या धंद्यात शिपिंग कंपन्या ६०-९० दिवसांनी पैसे देतात, तर ते आधी जमवून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज करायच्या आधी व्हेंडरला ॲडव्हान्स द्यायचा नाही, करारावर सही करायची नाही, तसं केलं की अर्ज बाद. फक्त कोटेशन घ्यायचं, कॉर्पपासने (कंपनीच्या सरकारी लॉगिनने) बिझनेस ग्रँट्स पोर्टलवर जाऊन अर्ज टाकायचा आणि उत्तराची वाट बघायची.

गावाकडून मेव्हणा विचारतो, आपल्याकडे असं काही नाही का. त्याचं आंब्याच्या पल्पचं छोटं युनिट आहे, त्याला मी पीएमएफएमई ही छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्र सरकारची योजना सांगितली, खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, पण ते कर्जाला जोडलेलं आणि मुख्यतः मशिनरीसाठी आहे, सॉफ्टवेअरसाठी नाही. तिथेही अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत बाजूला राहतं आणि मग कर्जात वळतं.

आता खरं काम. मंजुरी येईपर्यंत आम्ही रिकामे बसलो नाही, कारण सॉफ्टवेअर आलं तरी त्यात भरायचं काय हा प्रश्न होताच. आमच्या गोडाऊनचे स्टोअरकीपर चिनी काका आहेत, सगळे त्यांना अंकलच म्हणतात, सत्तरीच्या जवळ आले आहेत. कुठल्या रॅकमागे कुठला शॅकल (दोरखंड-साखळी जोडायची लोखंडी कडी) आहे हे फक्त त्यांना माहीत. ते सुट्टीवर गेले की आमचं अर्धं गोडाऊन आंधळं. रोज दुपारी डिलिव्हरी निघून गेल्या की मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसायचो, ते एकेक वस्तू हातात घेऊन सांगायचे, ही दोन सप्लायर देतात, हा स्वस्त पण याचा पिन गंजतो, जपानी मालकांच्या जहाजाला हा पाठवू नको, परत येईल. मी ते सगळं टाइप करायचो, इम्पा कोड, आमचा कोड, सप्लायर, रॅक नंबर, आणि शेऱ्यात काकांचं म्हणणं जसंच्या तसं. एकच हातमोजा आमच्याकडे चार वेगवेगळ्या नावांनी लिहिलेला होता, तो एका नावाखाली आणला. मला विचाराल तर अनुदानापेक्षा हे काम मोठं होतं, आणि याला कुठलं सरकार पैसे देत नाही.

त्यामुळे झालं काय, व्हेंडरची माणसं आली तेव्हा आमची यादी तयार होती. आता इंडेंट आलं की कोड असलेल्या ओळी आपोआप भरल्या जातात, मागचा भाव आणि स्टॉक समोर दिसतो, बायको फक्त उरलेल्या ओळींवर वेळ घालवते. सकाळी आलेल्या इंडेंटचं कोटेशन जेवणाच्या आधी जातं. ऑर्डर झाली की पिक लिस्ट, म्हणजे रॅकमधून काढायच्या मालाची यादी, स्कॅनरवर, अंकल स्वतः स्कॅन करतात आणि रॅक चुकला की ते बीप करतं याचा त्यांना फार आनंद होतो. डीओवर (डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल पोचल्याच्या कागदावर) जहाजाचा शिक्का आणि सही झाली की ड्रायव्हर धक्क्यावरूनच फोटो टाकतो आणि तो बिलाला जोडला जातो. परदेशी जाणाऱ्या जहाजाच्या सामानाला जीएसटी शून्य दराने लागतो पण त्यासाठी कागद हाताशी हवा, आधी त्या कागदांसाठी दर तिमाहीला फायली उपसायला लागायच्या.

एक सावधगिरी. काही एजंट फोन करतात, "तुमचा हिस्सा आम्हीच कॅशबॅक देतो, तुम्हाला फुकट पडेल". तिथेच फोन ठेवा. अनुदान घेऊन व्हेंडरकडून पैसे किंवा भेटवस्तू परत घेणं नियमात बसत नाही आणि क्लेम करताना तुम्ही जे जाहीर करता त्यावर सही तुमचीच असते. नंतर तपासणीही होते, सॉफ्टवेअर खरंच वापरताय का ते दाखवावं लागतं.

मी स्वतः पॅकेज बघताना अनुदान शून्य धरूनच विचार केला, पूर्ण किंमत देऊन मी हे घेईन का, आणि दुसऱ्या वर्षाची सबस्क्रिप्शन किती. कारण आमच्या पॅकेजमध्ये पहिल्याच वर्षाचे पैसे धरले होते. यावर्षी नूतनीकरणाचं बिल आलं, पूर्ण आमच्या खिशातून. मी बायकोला विचारलं ठेवायचं ना, तर ती म्हणाली विचारताय काय, कधीच भरलं.