हजार ग्रह, पण मधली वाटच नाही

इंदुरात राजवाड्यापासून सराफा म्हणजे काही मिनिटांची चाल. पण रात्री दहानंतर तेवढ्यात कुणी पोचून दाखवावं. भुट्ट्याचा कीस आडवा येतो, थंडी असेल तर गराडू, आणि दहीवड्यासाठी निघालेला माणूस जलेब्याशीच अडकतो. बेथेस्डा कंपनीच्या 'स्कायरिम' या २०११ च्या व्हिडिओ गेमची गंमत नेमकी हीच होती. लांबच्या गावाकडे निघायचं, वाटेत एखादी गुहा दिसायची आणि गाव राहून जायचं.

'स्टारफील्ड' (सप्टेंबर २०२३) हा त्याच बेथेस्डाचा अवकाशातला खेळ. चेहरे बाहुल्यांसारखे आहेत, संवाद लांबतात, हे सगळं खरं. पण लोकांचा मुख्य रुसवा त्यावर नाही, तर ही मधली वाट गेली यावर आहे. दुसऱ्या ग्रहावर जायचं तर मेनू उघडा, खूण निवडा, लोडिंग, उतरण्याचं दृश्य, दारातून आत जाताना पुन्हा लोडिंग. यान आपल्या हाती असतं ते अवकाशात लढण्यापुरतं.

उतरलात की त्या जागेपुरता जमिनीचा तुकडा तयार होतो. जमीन संगणक घडवतो, तिच्यावर ठेवलेल्या इमारती मात्र माणसांनी बनवलेल्या आणि मोजक्या. म्हणून तीच ओसाड क्रायो प्रयोगशाळा तिसऱ्या ग्रहावरही भेटते. खोल्या त्याच, प्रेत त्याच कोपऱ्यात, मेलेल्याची चिठ्ठीही शब्दशः तीच. पहिल्यांदा वाचताना वाईट वाटतं, तिसऱ्यांदा हसू येतं. शक्ती देणाऱ्या मंदिरांचंही तसंच: तरंगत चमकत्या ठिपक्यांमधून जायचं, कडं उघडेपर्यंत.

सेलमध्ये घेणार असाल तर एक गोम लक्षात ठेवा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे सहज परत मिळतात ते खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळणं २ तासांच्या आत असेल तर. इथे पात्राचं नाक-डोळे ठरवण्यात, मग खाणीत आणि क्रीट या चंद्रावरच्या तळावर एवढा वेळ जातो की न्यू अटलांटिस हे शहर नीट बघायच्या आत मुदत संपते. पुनरावृत्ती तर त्याच्याही बरीच पुढे जाणवते. मेनू उघडा ठेवून पोहे खायला गेलात तरी घड्याळ चालूच! डिस्कवर १२५ जीबी जागा लागते, आणि ती एसएसडीच हवी. १०० एमबीपीएस पूर्ण वेग मिळाला तरी डाउनलोडला पावणेतीन तास धरा.

घेतलाच, तर उगाच ग्रहोग्रही उतरत बसू नका. आधी यूसी व्हॅनगार्ड या खेळातल्या सैनिकी गटाची मोहीम करा, ती न्यू अटलांटिसच्या मास्ट इमारतीत सुरू होते. हाताने रचलेलं सगळ्यात चांगलं काम तिथेच आहे. मुख्य कथेतलं 'एन्टँगल्ड' मात्र चुकवू नका: एकच प्रयोगशाळा, दोन विश्वं, आणि त्यांच्यात ये-जा करत वाट काढायची. 'मँटिस' या जोडमोहिमेत फरशीवरची अक्षरं TYRANNIS या क्रमाने, म्हणजे टी-वाय-आर-ए-एन-एन-आय-एस, अशीच तुडवा. चुकलात की भिंतींतल्या बंदुका सुरू.

खेळातल्या दुकानदाराकडचे क्रेडिट, म्हणजे तिथले पैसे, संपले की ते खेळातल्या ४८ तासांनी भरतात. शुक्रावर उतरून खेळातला एक तास बसलात तर बाहेर १०० तास सरतात. सामान विकायला यापेक्षा सोपी जागा नाही.

शहरांचे धड नकाशे मे २०२४ मध्ये आले, गाडी ऑगस्टमध्ये. गाडीने अंतर लवकर कापलं जातं, पण पोचायचं ते त्याच प्रयोगशाळेत.