चौथऱ्यापासून वर: कुत्र्यांसोबत पाहिलेली उद्याने आणि शिल्पे

गेली नऊ वर्षे मी उद्यानांतली आणि चौकांतली शिल्पे जवळजवळ नेहमीच कुत्र्यांसोबत पाहत आले आहे. आधी एकटा भुऱ्या होता; चार वर्षांपूर्वी चिंगी आली. त्याआधी शिल्प पाहायचे म्हणजे मी दहा-पंधरा पावलांवर उभी राहत असे, मान वर करून चेहरा न्याहाळत असे, फलकावरचे नाव वाचत असे आणि पुढे निघत असे. भुऱ्याला चेहऱ्याशी काही देणेघेणे नव्हते. तो थेट चौथऱ्यापाशी जाई, दगडाला नाक लावी आणि एकेक कोपरा घेत सगळा चौथरा हुंगून काढी. दोरीचे दुसरे टोक माझ्या हातात असल्यामुळे मलाही त्याच्यामागून शिल्पाभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागे, आणि वर्षानुवर्षे ज्यांच्यासमोरून मी येत-जात होते त्या शिल्पांची मागची बाजू मला अशा प्रदक्षिणांमध्येच पहिल्यांदा दिसली.

शिल्पाच्या पायथ्याशी बरेच काही लिहिलेले असते. शिल्पकाराची सही बहुधा तिथेच, वस्त्राच्या घडीत किंवा पावलाच्या मागे कोरलेली सापडते. थोडे शोधले तर ज्या ओतशाळेत धातू ओतला तिचा ठसाही मिळतो. ब्राँझचे मोठे पुतळे पोकळ असतात. मेणाच्या प्रतिकृतीभोवती साचा करायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या रिकाम्या जागेत धातू ओतायचा, ही हजारो वर्षांची पद्धत आजही वापरात आहे. तिच्यात धातूचे कवच पातळच ठेवतात, कारण भरीव धातू निवताना सगळीकडे सारखा आकसत नाही आणि त्याला तडे जाण्याचा धोका असतो. अशा पोकळ पुतळ्यात दमट हवेचे पाणी साचते, म्हणून ते निथळून जावे यासाठी खालच्या भागात बारीक छिद्रे ठेवलेली असतात. मला ही छिद्रे चिंगीने दाखवली. एका घोड्याच्या खुरामागे ती नाक रोवून इतका वेळ उभी राहिली की अखेर मी गुडघे टेकून वाकले, आणि बोटाच्या पेरापेक्षाही लहान असे ते छिद्र दिसले. आतून पुतळ्याच्या पोटातली ओलसर हवा बाहेर येत असणार. तिच्यासाठी त्या शिल्पाचा सर्वांत बोलका भाग तोच होता.

कुत्र्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या कित्येक पटींनी अधिक असतात. माणसात त्या लाखांत मोजतात, कुत्र्यात कोटींत. शिवाय श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर जाते, त्यामुळे समोरचा वास उधळला न जाता नवी हवा आत ओढली जात राहते. ही माहिती मी वाचली तेव्हा दोरी ओढून ‘चल, चल’ म्हणण्याची माझी सवय मला खटकू लागली. उद्यानातल्या चौथऱ्यावर आदल्या रात्रीपासून कोण आले, कोण बसले, कोण घाबरले, कोण आजारी आहे याची सगळी नोंद असते, आणि ती वाचायला अर्धा मिनिट पुरत नाही. आता मी फिरण्याचे दोन भाग करते. पहिला अर्धा तास कुत्र्यांचा: कुठे थांबायचे, किती थांबायचे हे त्यांनी ठरवायचे. त्यानंतर पोटभर हुंगून शांत झालेली ही दोघे एखाद्या शिल्पापाशी माझ्यासोबत दहा-पंधरा मिनिटे सहज बसतात. क्रम उलटा केला तर कोणालाच धड काही पाहता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

रंगांच्या बाबतीत मात्र त्यांचे जग आपल्याहून मर्यादित आहे. कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट वेगळे दिसतात. लाल आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही. शिकागोच्या चौकात अलेक्झांडर कॅल्डरचे ‘फ्लेमिंगो’ हे १९७४ मध्ये बसवलेले, सुमारे १६ मीटर उंच, शेंदरी लाल रंगाचे पोलादी शिल्प आहे. भोवतीच्या काळ्या-करड्या इमारतींमध्ये तो लाल रंग पेटून उठावा हाच त्या रचनेचा प्राण आहे, आणि नेमका तोच कुत्र्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला तिथे मळकट पिवळसर कमानी दिसत असतील. पण त्या कमानींच्या खालून आरपार जाता येते, आणि कुत्र्याला ते पुरेसे असते. खालून चालत जाता येईल अशी शिल्पे माझ्या दोघांना सर्वांत जास्त आवडतात. त्यांच्यामुळे मलाही समजले की काही शिल्पे समोर उभे राहून पाहायची नसतातच. ती चालत पाहायची असतात, आणि प्रत्येक पावलागणिक त्यांचा आकार बदलतो.

माणसाएवढी, माणसासारखीच बसलेली किंवा उभी शिल्पे हा वेगळा विषय आहे. बाकावर बसलेल्या धातूच्या एका वृद्धाला भुऱ्या पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या पाठीवरचे केस ताठ झाले आणि घशातून गुरगुर सुरू झाली. आकृती माणसाची, पण हालचाल नाही आणि माणसाचा वासही एकाच माणसाचा नाही, शेकडो हातांचा. मी त्याला पुढे ढकलले नाही. लांबून वळसा घेतला, मग आणखी जवळून, आणि तिसऱ्या फेरीत तो स्वतःहून त्या बुटांपाशी गेला. कुत्रा घाबरलेला असताना त्याला शिल्पाशेजारी बसवून छायाचित्र काढणारी माणसे मी पाहिली आहेत. कान मागे पडलेले, शेपूट पायांत, पांढरे दिसणारे डोळे, आणि समोर हसणारा मालक. ते पाहून मला दर वेळी वाईट वाटते. छायाचित्र न मिळाले म्हणून काही अडत नाही, पण त्या जागेची भीती कुत्र्याच्या मनात अनेक महिने राहू शकते.

कुत्र्यांची स्वतःची शिल्पेही जगभर आहेत, आणि त्यांच्याही बाबतीत माझे लक्ष आता आधी खाली जाते. एडिंबरामध्ये ग्रेफ्रायर्स बॉबीचा पुतळा आहे. धन्याच्या थडग्यापाशी १४ वर्षे राहिला असे ज्याच्याबद्दल सांगतात, तो हा स्काय टेरियर १८७२ मध्ये मेला आणि पुढच्याच वर्षी विल्यम ब्रॉडी यांनी घडवलेला त्याचा पुतळा उभा राहिला. आज लोक त्याच्या नाकाला हात लावून जातात, कारण तसे केल्याने नशीब उजळते असा समज अलीकडे पसरला आहे. त्यामुळे नाकावरचा काळा थर घासून गेला आणि तो पुन्हा चढवावा लागला. मला मात्र नाकापेक्षा खालचा स्तंभ महत्त्वाचा वाटतो. तो मुळात पाणपोई होता: माणसांसाठी वर पात्र, कुत्र्यांसाठी जमिनीलगत दुसरे. पुढे पाणी बंद झाले आणि शोभा तेवढी उरली.

लंडनच्या बॅटरसी भागात १९०६ मध्ये उभारलेल्या ‘ब्राउन डॉग’च्या स्मारकालाही अशीच पाणपोई होती, तिच्या खालच्या भागात जनावरांसाठी. एका प्रयोगशाळेत जिवंतपणी चिरफाड केलेल्या कुत्र्याची ती आठवण होती, आणि तिच्यावरील लेख इतका स्पष्ट होता की वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९०७ मध्ये रस्त्यावर दंगे केले. स्मारकावर पोलिसांचा पहारा बसवावा लागला आणि अखेर १९१० मध्ये रात्रीच्या वेळी ते हलवण्यात आले. निकोला हिक्स यांनी केलेले नवे शिल्प १९८५ मध्ये बॅटरसी पार्कमध्ये बसले. सार्वजनिक कलेतला एक लहानसा कुत्रा एवढे वादळ उठवू शकतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि ज्यांनी ते पहिले स्मारक उभारले त्यांनी वरची मूर्ती करताना खालून जाणाऱ्या तहानलेल्या जनावराचाही विचार केला होता, ही त्याहून.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये खडकावर उभ्या असलेल्या बाल्टोच्या बाबतीत तर खालचा मजकूर वाचल्याशिवाय शिल्पाला न्यायच मिळत नाही. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली आणि त्यावरचे प्रतिविष, म्हणजे रोगाचे विष निकामी करणारे औषध, सुमारे १,०८५ किलोमीटर अंतरावरून कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी टप्प्याटप्प्याने नेले गेले. शेवटच्या टप्प्यात पुढे बाल्टो होता, म्हणून नाव त्याचे झाले. सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा पार करणारा टोगो मात्र मागे राहिला. फ्रेडरिक रॉथ यांचा हा ब्राँझ त्याच वर्षीच्या डिसेंबरात बसवला गेला. लहान मुले पाठीवर बसून बसून ती पाठ सोनेरी झाली आहे आणि बहुतेक पालक तेवढे छायाचित्र घेऊन परततात. खडकावर, मुलांच्या पायांच्याही खाली, पाटीच्या दगडाचा एक फलक आहे. त्यावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचा उठावातला देखावा आहे, आणि लेख एकट्या बाल्टोला नव्हे, तर ते औषध पोहोचवणाऱ्या सगळ्या कुत्र्यांच्या जिद्दीला वाहिलेला आहे. टोगोचा पुतळा त्याच शहरातल्या दुसऱ्या एका उद्यानात उभा राहायला २००१ साल उजाडावे लागले. पण खालचा तो फलक पहिल्यापासून खरे सांगत होता.

बाल्टो स्वतः आपल्या पुतळ्याच्या अनावरणाला हजर होता. टोकियोच्या शिबुया स्थानकासमोर मेलेल्या धन्याची वर्षानुवर्षे वाट पाहणारा हाचिकोही १९३४ मध्ये आपल्या पुतळ्याच्या अनावरणाला होता; पुढच्या वर्षी तो गेला. युद्धात तो पुतळा धातूसाठी वितळवला गेला आणि १९४८ मध्ये मूळ शिल्पकाराच्या मुलाने नवा घडवला. त्या दोघा कुत्र्यांनी आपल्या प्रतिमांचे काय केले असेल, याचा मी अनेकदा विचार करते. माझी खात्री आहे की त्यांनी आधी चौथरा हुंगला असेल.

पायी फिरताना मी स्वतः शिकलेल्या काही गोष्टी इथे नोंदवते, कारण त्या माहीत नसल्यामुळे मी चुका केल्या आहेत. पहिल्या उन्हाळ्यात एका मोठ्या चौकातले भूमिचित्र पाहायला मी भुऱ्याला दुपारी नेले. गडद दगडाची फरसबंदी होती, मी बूट घातले होते, आणि तो एकेक पाय उचलू लागला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि अंग निववायला त्याच्याकडे मुख्यतः धापणेच असते; त्यामुळे तापलेली जमीन त्याला दुहेरी त्रास देते. आता मी हाताचा तळवा उलटा करून सात सेकंद जमिनीवर ठेवते. माझा हात टिकला नाही तर त्याचे पायही टिकणार नाहीत. पोलादी पट्ट्या, धातूची झाकणे आणि शिल्पांचे धातूचे तळ दगडाहूनही लवकर तापतात. जाळीदार धातूच्या पुलांवरून कुत्रा चालत नसेल तर तो हट्ट समजू नये; त्याची बोटे आणि नखे त्या जाळीत अडकतात.

कारंज्यांचे आणि तळ्यांचे पाणी मी त्यांना पिऊ देत नाही. साचलेल्या पाण्यावर हिरवट-निळसर तवंग येतो, त्यातले काही जीवाणू विषारी असतात आणि त्यांनी कुत्रा काही तासांत दगावू शकतो. खांद्यावरच्या पिशवीत दोघांपुरते पाणी आणि घडीची वाटी असते. ध्वनीवर आधारलेल्या कलाकृतींपाशीही मी जपून जाते, कारण आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वर त्यांना ऐकू येतात. एका झंकारणाऱ्या रचनेपाशी चिंगी मान झटकत मागे सरली, आणि मी काही न विचारता तिच्यासोबत मागे फिरले.

चौथऱ्यावर पाय वर करू द्यायचा नाही, याबाबत मी कठोर आहे. मूत्रातले क्षार आणि अमोनिया ब्राँझवरचा रंगथर खातात, चुनखडीचा दगड झिजवतात. पुतळ्यांना वेळोवेळी मेणाचा थर देणाऱ्या जतनकारांची मेहनत त्यात जाते. कोवळ्या झाडांची खोडे आणि हिरवळही त्याने करपते. म्हणून उद्यानात शिरण्याआधीच, रस्त्याच्या कडेला, मी त्यांना पुरेसा वेळ देते. आणि दोरी सोडत नाही. मोकळे सोडण्यासाठी ठरवून दिलेली जागा किंवा वेळ असेल तर गोष्ट वेगळी. माझा कुत्रा कोणाला चावत नाही हे मला माहीत असते, समोरून येणाऱ्या मुलाला माहीत नसते. आणि ते उद्यान त्याचेही तितकेच आहे. विष्ठा उचलण्याबद्दल वेगळे सांगायला नको.

भुऱ्या आता अकरा वर्षांचा आहे. पूर्वी आम्ही सकाळी चार-पाच शिल्पे करायचो, आता एक होते. त्यामुळे निवड विचारपूर्वक करावी लागते: सावली हवी, वाट मऊ हवी, पायऱ्या नकोत. गेल्या आठवड्यात आम्ही एका आडव्या पहुडलेल्या दगडी आकृतीपाशी गेलो. शिल्पाला चौथरा नाही, ते थेट गवतावर ठेवले आहे. भुऱ्याने नेहमीप्रमाणे एक फेरी घातली, मग दगडाच्या कमरेच्या खळग्यात, जिथे सावली पडली होती, तिथे अंग टाकले आणि झोपी गेला. चिंगी त्या आकृतीच्या पावलांपाशी काहीतरी वाचत होती. मी गवतावर बसले आणि त्या उंचीवरून, डोके दगडाच्या पातळीला आणून, ती आकृती तासभर पाहिली.