वहीतली पायरी

‘लक्स एक लाख वीस हजार आणि वॅट फक्त 1040! पॅनेल 1600 वॅटची आहेत ना?’ गच्चीवर पाऊल टाकताच त्या गृहस्थांनी उजेड मोजणारा फोन माझ्यापुढे धरला. 400 वॅटची चार सौर पॅनेल एका ओळीत जोडलेली. आमच्याच एका तंत्रज्ञाने आधी येऊन ‘फोनने ऊन मोजत नाहीत’ असं सांगून तक्रार बंद केली होती.

तो म्हणाला ते खरंच आहे. लक्स हे माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप. डोळ्याला सर्वांत तेज दिसतो तो 555 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट प्रकाश. पॅनेलमधलं सिलिकॉन मात्र जवळजवळ 1100 नॅनोमीटरपर्यंतचं, डोळ्याला न दिसणारं अवरक्तही पचवतं. शिवाय फोनचा सेन्सर आसपासच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनची चमक कमी-जास्त करण्यासाठी बसवलेला असतो. मी माझा फोन त्यांच्या फोनशेजारी ठेवला, तर तो 74 हजार दाखवत होता. ऊन एकच, जागा एकच.

मग मी माझा रेफरन्स सेल, म्हणजे ऊन मोजायचा प्रमाणित सेल, पॅनेलच्याच उतारावर टेकवला. 860 वॅट प्रति चौरस मीटर. पॅनेलची पाठ 62 अंशांवर. पॅनेलवर छापलेले 400 वॅट असतात 1000 वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि 25 अंश तापमानाला, आणि उन्हात तापलेलं पॅनेल सहसा 25 अंशांवर नसतं. या पॅनेलचं उत्पादन दर अंशाला 0.35 टक्के घटतं, म्हणजे इथे 13 टक्के उष्णतेतच गेले. वायर, इन्व्हर्टर, थोडी धूळ धरली तर 1140 च्या आसपास यायला हवेत. येत होते 1040. शंभर वॅटचा फरक माझ्या अंदाजाच्या चुकीतही बसला असता. मी सामान आवरायला घेतलं होतं.

तेव्हा त्यांनी वही काढली. तीन महिने, फक्त निरभ्र दिवशी, दुपारी बाराला, तोच फोन त्याच पॅनेलच्या चौकटीला त्याच जागी टेकवून घेतलेले आकडे. मी तिथेच बसून भागाकार केले. दर हजार लक्समागे साडेनऊ वॅट, आठवड्यामागून आठवडे, जवळपास तसेच. मग विजांचा कडकडाट झालेल्या एका संध्याकाळची नोंद, आणि पुढच्याच नोंदीपासून 8.7. धूळ अशी एका रात्रीत बसत नाही आणि सूर्याचा कोनही असा बदलत नाही. फोनचा आकडा चुकीचा होता, पण रोज सारखाच चुकीचा.

इन्व्हर्टर बंद केला, डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) पाडला, कनेक्टर सोडवून एकेका पॅनेलचं उघडं, म्हणजे काहीही न जोडता येणारं, व्होल्टेज घेतलं. 33, 33, 22, 33.

तिसऱ्याचा बायपास डायोड शॉर्ट झाला होता. पॅनेलमध्ये सेलचे तीन गट, प्रत्येकावर एक डायोड, गट सावलीत गेला तर प्रवाहाला वळसा देणारा; तो शॉर्ट झाला की तो गट उजेडात असूनही हिशेबातून बाहेर. बारापैकी एक गट गेला म्हणजे आठ टक्के, वहीत दिसणारी घट तेवढीच. आधीच्या तंत्रज्ञाने वायरभोवती पकडायच्या क्लॅम्प मीटरने फक्त अँपिअर, म्हणजे प्रवाह, पाहिले होते. ते बरोबरच येणार, कारण या बिघाडात प्रवाह घटत नाही, व्होल्टेज घटतं. चार कनेक्टर सोडवायचा कंटाळा, दुसरं काय! मला याचा राग येतो, आणि मीही त्याच कंटाळ्याच्या उंबरठ्यावर होतो.

डायोड असतो तो पॅनेलमागचा जंक्शन बॉक्स सीलबंद, डायोड बदलता येत नाही. पॅनेलच बदलावं लागेल. विजेनेच गेला हे मी सिद्ध करू शकत नाही. बदलीच्या अर्जात ऊन लिहायला वॅट प्रति चौरस मीटरचा रकाना आहे, लक्सचा नाही. तरी मी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो जोडले.

रात्री जुन्या फाइली काढल्या. ‘उष्णता व धूळ’ असं लिहून मी स्वतः बंद केलेल्या तीन तक्रारी सापडल्या. त्या तिन्हींमध्ये उघड्या व्होल्टेजचा रकाना रिकामा आहे. पहिल्या घरी उद्या सकाळी फोन करणार आहे.