सेन्सरची मान

निपाणीच्या त्या एक्स-रे सेंटरवर मी सकाळी साडेदहाला पोचले, तेव्हा बाहेरच्या बाकावर सात-आठ बायका बसल्या होत्या. बहुतेक जणी तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या, नाहीतर घरी बिड्या वळणाऱ्या. निपाणीत हे विचारावं लागत नाही. पदराला, पिशवीला तो उग्र वास असतोच, आणि दर मिनिटाला बाकावरचं कुणीतरी खोकतं. सगळ्यांच्या हातात छातीच्या फोटोची चिठ्ठी.

माझं काम त्या फोटोच्या शेवटच्या टप्प्याचं. दवाखान्यांतले आणि सेंटरांतले मॉनिटर तपासायचे, कॅलिब्रेट करायचे, म्हणजे त्यांचा उजेड मापात बसवायचा, आणि रिपोर्ट लिहून द्यायचा. बेळगावहून कधी खानापूर, कधी संकेश्वर-चिकोडी, आणि दर तीन-चार महिन्यांनी तवंदी घाट उतरून निपाणी. लोकांना वाटतं मॉनिटर लागला की झालं. पण मॉनिटरचा मागचा दिवा दर वर्षी थोडा थोडा मंदावतो. हे इतकं हळू होतं की रोज बघणाऱ्या डोळ्याला कळत नाही. म्हणून पडद्यावर उजेड मोजणारा सेन्सर लावायचा.

वैद्यकीय मॉनिटरसाठी डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मानकाच्या चौदाव्या भागात करड्या छटांचा एक वक्र ठरवून दिलेला आहे. माणसाच्या डोळ्याला दोन छटांतला फरक जेमतेम कधी कळतो, यावर तो बेतलेला आहे. सगळ्यात काळ्यापासून सगळ्यात पांढऱ्यापर्यंत पायऱ्या अशा पडायला हव्यात की प्रत्येक पायरी डोळ्याला सारखीच वाटावी. आम्ही त्यातल्या अठरा पायऱ्या मोजतो: ० म्हणजे सगळ्यात काळी, मग १५, ३०, ४५ असं करत सगळ्यात पांढऱ्या २५५ पर्यंत. रोगनिदानाच्या मॉनिटरवर वक्रापासूनचा फरक दहा टक्क्यांच्या आत हवा, असं अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या २००५ च्या टीजी-१८ अहवालात दिलंय. आम्ही तेच धरून चालतो.

त्या दिवशीचा मॉनिटर भिंतीवरच्या ब्रॅकेटवर होता आणि ब्रॅकेट गंजून पुढे झुकलेल्या अवस्थेतच अडकलेला. वरच्या कडेपासून दोरा सोडला तर खाली बोटभर फट राहत होती. सेन्सर वायरीच्या वजनावर वरून लोंबकळत सोडायचीही पद्धत आहे, पण त्यासाठी मॉनिटर मागे रेललेला लागतो. इथे सेन्सर पडद्याला टेकलाच नसता. म्हणून स्टँड.

स्टँड म्हणजे खाली लोखंडाचं जड बूड, त्यात उभा नळा, नळ्यावर वरखाली सरकणारा आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला मान. मानेच्या पुढे आट्यांचा छोटा दांडा, त्यावर सेन्सर फिरवून बसवायचा. सगळं धातूचं, आणि सगळा भार जिथे येतो तो मानेचा तुकडा तेवढा प्लॅस्टिकचा. तीन महिन्यांपूर्वी तिथे केसासारखी रेघ दिसली होती. चौकशी केली तर सुटी मान मिळत नाही, अख्खं स्टँड घ्या, तेही पाच-सहा आठवड्यांनी. मी टेप गुंडाळून काम चालवलं. चालवायला नको होतं. सेन्सर पडद्याला टेकवून नॉब पिळला आणि कट् असा आवाज आला. मान दोन तुकडे होऊन खाली, सेन्सर वायरीला लटकत माझ्या पोटावर आदळला. तो वाचला.

रेडिओलॉजिस्ट मॅडम कोल्हापूरहून चार वाजता येणार होत्या. सकाळचे सगळे फोटो त्या याच पडद्यावर वाचणार.

आधी हाताने धरून बघितलं. खोलीतला दिवा बंद, खिडकीला पडदा, आणि सगळ्यात काळी पायरी तीनदा मोजली. ०.५२, ०.७१, ०.९४. पडद्याचा उजेड आम्ही चौरस मीटरला किती कँडेला असा मोजतो. एकच पडदा, एकच काळा रंग आणि आकडे तीन. पांढऱ्या टोकाला मात्र सगळं सुरळीत वाटत होतं, आणि घात तिथेच होतो. पांढरा तीनशेच्या घरात असताना फटीतून अर्धा कँडेला उजेड आत शिरला तर कुणाला पत्ताही लागत नाही. काळ्या टोकाला मुळात असतोच अर्धा कँडेला. तिथे तेवढाच उजेड शिरला की आकडा दुप्पट. सॉफ्टवेअर बिचारं त्या खोट्या आकड्यावर पुढचा सगळा वक्र रचतं. मग काळ्या बाजूच्या पायऱ्या कुठे एकमेकींना चिकटतात, कुठे फाकतात.

आणि छातीच्या फोटोत काळं काय असतं? फुप्फुस. हवा काळी दिसते, हाड पांढरं. बाकावर बसलेल्या बायका जे दाखवायला आल्या होत्या ते नेमकं त्या काळ्या-करड्या पायऱ्यांवर होतं. हात घट्ट दाबून धरावा तर पडद्यावर दाबाचे ढग उठतात. त्यामुळे स्टँड ही माझ्या लेखी सोयीची वस्तू नाही. ते मापाचाच भाग आहे.

तिथली टेक्निशियन मुलगी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब घेऊन आली. मी तिला ती खोलीतही उघडू दिली नाही. त्या गोंदाची वाफ जवळच्या काचेवर पांढुरकी साय धरते. सेन्सरच्या भिंगावर ती बसली की तो सेन्सर कायमचा गेला. शिवाय भार घेणाऱ्या सांध्यावर तो गोंद टिकतही नाही.

"सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला असेल ना मॅडम?" तिने विचारलं.

"इथे लेथ कुणाकडे आहे?" मी विचारलं.

जुन्या पी.बी. रोडच्या आतल्या गल्लीत एक वर्कशॉप निघालं. बाहेर पाण्याच्या मोटरी, ऊस गाळायच्या चरकाचा रोलर, आणि दारातच लेथ. मिस्त्री साठीचे असतील. चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार. मी तुटलेली मान त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून फिरवून बघितली.

"प्लॅस्टिक वाळलंय. पितळ आत तसंच हाय, भवतीचं फुटलं," ते म्हणाले. "लोखंडात करून देऊ?"

"जड होईल, मामा. दांडा खाली वाकेल. आणि मला ते वरखाली कलतं पाहिजे. ज्याला टेकवायचं तो पडदा सरळ नाही."

त्यांनी कोपऱ्यातून वीस एमएमचा अल्युमिनियमचा बार काढला. मग सेन्सरच्या बुडाचं भोक बघितलं. पोराने सहा एमएमचा बोल्ट आणून दिला, तो त्यांनी हलक्या हाताने आत फिरवला. दोन फेरे गेला. सोडला तर बोल्टचं डोकं सैल दातासारखं हलत होतं.

"ह्यो सहाचा न्हवं. सहाचा असता तर असा खेळला नसता. ह्यो दोन सुती. जुना आटा." आणि आत वळून ओरडले, "कालु इंच टॅप तगोंड बा!"

पोरगं कानडीच होतं. पाव इंचाचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, तेलकट फडक्यात गुंडाळलेला घेऊन आलं. मिस्त्रींनी आट्यांचं गेज लावून दाखवलं: इंचाला वीस आटे. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला जगभर जे आटे असतात तेच हे. एका आट्यापासून दुसरा १.२७ मिलिमीटरवर, आणि सहा एमएमच्या बोल्टला तो एकावर. म्हणूनच तो दोन फेरेच गेला, आणि पाव इंचाहून जरा बारीक म्हणून सैल बसला होता. मिस्त्रींचा टॅप व्हिटवर्थचा होता, त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, कॅमेऱ्याच्या हल्लीच्या आट्याचा ६० चा. एवढ्याशा खोलीत त्याने काही अडत नाही. जुन्या पंपांसाठी ठेवलेला तो टॅप माझ्या कामाला आला.

पण स्टड, म्हणजे सेन्सर ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, मानेतून किती बाहेर ठेवायचा? जास्त झाला तर सेन्सरच्या आतल्या बोर्डाला भिडणार. मिस्त्रींनी खिशातून काडेपेटी काढली, एक काडी त्या भोकात उभी केली, नख लावून खूण धरली आणि कॅलिपरवर ठेवली. सहा मिलिमीटर. "पाच ठेवतो," म्हणाले. माझ्या पिशवीत डिजिटल कॅलिपर होता, त्याच्या मागच्या पट्टीने खोली मोजता येते. तो मी बाहेर काढला नाही. काडीने तेच माप दिलं होतं.

मग पावणेदोन तास मी त्यांच्या लेथशेजारी स्टुलावर बसून होते. मागच्या तुकड्याला आडव्या दांड्याच्या मापाचं बारा एमएमचं भोक पाडलं, त्याला करवतीने एक चीर दिली आणि चिरेवर चार एमएमचा आडवा बोल्ट टाकला. बोल्ट आवळला की चीर मिटते आणि दांडा घट्ट धरला जातो. पुढच्या तोंडाला करवतीने आणि कानशीने दोन पाकळ्या काढल्या. त्यांच्यामध्ये दुसऱ्या तुकड्याची जीभ. आटे पाडताना टॅपवर रॉकेलचे थेंब सोडत होते. अल्युमिनियम कोरडं असलं की टॅपच्या दातांना चिकटून बसतं.

पाकळ्या आणि जिभेच्या मध्ये काय घालायचं यावर ते थांबले. धातूवर धातू एकतर सरकतो नाहीतर जाम होतो. शेवटी हातपंपाच्या चामडी वायसरातून दोन चकत्या कापल्या. बोल्ट आवळून मी मान हळू कलती केली. जिथे सोडली तिथेच राहिली. जाड मधात चमचा फिरवावा तशी हलत होती, कुठे झटका नाही. मूळ मान नवी असतानाही अशी चालत नव्हती.

"हे कशाला लागतंय, ताई?" काम झाल्यावर त्यांनी विचारलं. मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी मान परत मागून घेतली, पाकळीची एक कड अंगठ्याने चाचपली आणि तिथे पुन्हा कानस फिरवली. साडेतीनशे रुपये घेतले.

सव्वादोनला सेंटरवर परतले. आधी ब्रश आणि फडक्याने मानेवरचा कीस झाडला. धातूचा एक कण जरी पडद्यावर घासला तर चरा कायमचा. मग नव्या अल्युमिनियमची चकाकी. अंधारात पडद्याचा उजेड त्यावरून उडून सेन्सरच्या कडेने आत येऊ शकतो. काळा रंग वाळायला वेळ नव्हता. सेंटरमध्ये फिल्मच्या जमान्यातला एक खोका अजून होता, आणि त्यात फिल्मभोवती असायचा तो जाड, बिनचमकीचा काळा कागद. टेक्निशियनने त्याची पट्टी कापून दिली, मी ती मानेभोवती गुंडाळली.

दांडा पुढे घेतला, सांधा सैल सोडून सेन्सर पडद्यावर हलकेच टेकवला. पडद्याचा जो कल होता तो त्याने आपोआप घेतला. मग बोल्ट आवळला. दिवा बंद.

०.४८. पुन्हा, ०.४७. स्टँड उचलून नव्याने लावलं, ०.४८.

आता पुढे जायला हरकत नव्हती. पांढरा उतरून २९१ वर आला होता. मागचा दिवा वाढवून तो ३५० वर आणला. जुन्या स्थितीत तिसऱ्या-चौथ्या पायरीला वक्रापासून एकोणीस टक्के फरक होता, म्हणजे बरेच दिवस ह्या पडद्यावर काळ्यातलं नीट दिसत नव्हतं. ते वाचताना मला बरं वाटलं नाही. मागच्या फेरीला तपासणी मीच केली होती आणि रेघ पडलेल्या त्याच मानेवर केली होती. कॅलिब्रेशन झाल्यावर अठरा पायऱ्या पुन्हा मोजल्या. सगळ्यात मोठा फरक सहा टक्के. टीजी-१८ चं चाचणीचित्र उघडलं, तेव्हा काळ्या चौकोनातला पाच टक्क्यांचा चौकोन टेक्निशियनला खुर्चीतूनच दिसला. सकाळी आम्ही दोघींनी तो वाकून शोधला होता. रिपोर्टात मी स्टँडची मान बदलल्याचं लिहिलं आणि मागच्या मापांवर विसंबू नये, हेही.

मॅडम चारला दहा मिनिटं असताना आल्या. मी मागचा रिपोर्ट आणि आजचा, दोन्ही समोर ठेवून काय झालं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण मागच्या तीन महिन्यांतले छातीचे फोटो काढून ठेवायला सांगितले, सवडीने पुन्हा बघायला. मग सकाळचे फोटो उघडले. पहिले दोन झटपट झाले. तिसऱ्याशी त्या थांबल्या. डाव्या गळपट्टीच्या हाडामागे बोट नेलं, पडद्याला न लावता.

"ह्या मावशी गेल्या का?"

"बेनाडीच्या होत्या, मॅडम. बारालाच गेल्या."

"फोन कर. उद्या बोलव. मागे रेलून एक फोटो घेऊ, हाड वर सरकेल. आणि थुंकी तपासायला सांग."

टेक्निशियनने रजिस्टर उघडून नंबर शोधायला घेतला. मी सेन्सर मानेवरून सोडवत होते. चार फेऱ्यांत तो हातात आला.